डोळे थायरॉइडसारखे दिसतात, पण थायरॉइड नॉर्मल: इम्युनोथेरपीनंतर डोळ्यांच्या खोबणीला येणाऱ्या सुजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंड्यात डोळ्यांचा दवाखाना चालवते. पावसाळ्यात इथे डोळे आलेल्यांची रांग लागते. त्या रांगेत एखादा माणूस असा असतो की त्याला डोळे आलेले नसतात. पापण्या सुजलेल्या, डोळे पुढे आल्यासारखे, आणि समोरचा खांब दोनदा दिसतो. पंधरा मिनिटं बोलल्यावर घरचं कोणी सहज सांगतं, "मुंबईला कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, पण त्याचा डोळ्यांशी काय संबंध?" संबंध असू शकतो. तो कसा, हे समजावं म्हणून लोक मला जे प्रश्न विचारतात तेच इथे घेतले आहेत. त्रास दुर्मिळ आहे, पण वेळेवर ओळखला तर बहुतेकांचा बरा होतो.

हा आजार नेमका काय आहे?

डोळा हाडांच्या एका खोबणीत बसलेला असतो. या खोबणीत साधारण ३० मिलिलिटर जागा असते आणि त्यातले जेमतेम ७ मिलिलिटर डोळ्याचे. उरलेल्या जागेत डोळा हलवणारे सहा स्नायू, चरबी, अश्रूंची ग्रंथी, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस एवढं सगळं दाटीवाटीने असतं. बाजूंना आणि मागे हाड, पुढे मोकळं. त्यामुळे आत काहीही सुजलं की डोळा पुढे ढकलला जातो. स्नायू सुजले तर दोन्ही डोळे एका वेळी एका जागी वळत नाहीत आणि एकाचे दोन दिसतात. सूज फार वाढली तर मागे दृष्टीची नस दाबली जाते.

ही सूज जंतूंमुळे आलेली नसते. शरीराचे स्वतःचे रक्षक, म्हणजे पांढऱ्या पेशी, खोबणीतल्या स्नायूंवर आणि चरबीवर चालून जातात. कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीनंतर, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांनंतर, हे घडतं तेव्हा चित्र अगदी थायरॉइडमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या आजारासारखं दिसू शकतं.

इम्युनोथेरपीचा आणि डोळ्यांचा काय संबंध?

आपल्याकडच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या शेतीत, मानस असते, पाणी अडवणारं दार. भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून मानशीचं दार मिटतं. आपल्या प्रतिकारशक्तीलाही अशी दारं आहेत. रक्षक पेशींनी स्वतःच्याच शरीरावर धाव घेऊ नये म्हणून ती त्यांना आवरून धरतात. सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही त्यातल्या दोन दारांची नावं. कॅन्सर लबाड असतो, ही दारं मिटलेलीच राहावीत अशी व्यवस्था तो करतो, म्हणजे रक्षक त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. दारं उघडी ठेवणारी औषधं बनवता येतील हे ज्यांच्या संशोधनातून कळलं त्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. इपिलिमुमॅब, निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, अटेझोलिझुमॅब, दुर्व्हालुमॅब ही त्या कुळातली नावं. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर यातलं एखादं नाव असेल तर हे पान तुमच्यासाठी आहे.

दार उघडं ठेवलं की पाणी कॅन्सरवर जातं, तेच हवं असतं. पण कुठलं शेत कोणाचं हे पाण्याला कळत नाही. कोणाच्या आतड्यात सूज येते, कोणाच्या फुप्फुसात, कोणाच्या थायरॉइडमध्ये. डोळ्यांचे त्रास त्या मानाने कमी, साधारण शंभरात एखाद्याला, आणि त्यातही कोरडेपणा किंवा डोळ्याच्या आतली सूज जास्त. खोबणीतली सूज त्याहून विरळ. इपिलिमुमॅब घेणाऱ्यांमध्ये, किंवा इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब एकत्र घेणाऱ्यांमध्ये तिचा विचार आम्ही आधी करतो.

थायरॉइडचे डोळे आणि हे डोळे, फरक कसा ओळखता?

बघताक्षणी नेहमी ओळखता येत नाही, हे आधीच सांगते. दोन्हींत डोळे पुढे येतात, लाल होतात, पापण्या फुगतात, डोळा हलवताना दुखतं, एकाचे दोन दिसतात. तरी काही खुणा असतात.

थायरॉइडच्या आजारात वरची पापणी वर ओढली जाते. बुबुळाच्या वरची पांढरी पट्टी दिसू लागते आणि माणूस सतत दचकल्यासारखा दिसतो. हे लक्षण तिथे फार मोठ्या प्रमाणात सापडतं. इम्युनोथेरपीच्या सुजेत पापणी बहुधा अशी ओढलेली नसते, उलट कधी कधी खाली आलेली असते. पापणी खाली येणं ही माझ्यासाठी मोठी खूण आहे. त्याचं कारण पुढे एका प्रश्नात आहे, तो प्रश्न गाळू नका.

दुसरी खूण स्कॅनमध्ये दिसते. थायरॉइडमध्ये स्नायूचं पोट फुगतं, पण डोळ्याला चिकटणारी त्याची दोरी सहसा बारीकच राहते. खालचा स्नायू आधी, मग नाकाकडचा, मग वरचा, आणि कानाकडचा शेवटी, असा सुजण्याचा एक ठरलेला क्रमही असतो. इम्युनोथेरपीच्या सुजेत क्रम मोडू शकतो, दोरीही सुजू शकते, आणि कानाकडचा स्नायू पहिल्यांदा सापडला तर मी थायरॉइडवर समाधान मानत नाही.

तिसरी गोष्ट वेगाची. थायरॉइडचे डोळे बहुधा आठवड्यांनी, महिन्यांनी बदलत जातात. ही सूज काही दिवसांत चढू शकते. म्हणून मी जुना फोटो मागते. मोबाइलमध्ये चवथीला घरच्यांबरोबर काढलेला एखादा फोटो असतोच. तो आणि आजचा चेहरा शेजारी ठेवला की पाच मिनिटांच्या बोलण्यात कळणार नाही ते दिसतं.

थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला. मग काळजी मिटली ना?

नाही. हा गैरसमज मला सर्वांत जास्त छळतो.

एक तर खऱ्या थायरॉइडच्या डोळ्यांच्या आजारातही दहातल्या एखाद्या माणसाचे थायरॉइडचे आकडे वाढलेले नसतात. दुसरं, इम्युनोथेरपीनंतरच्या सुजेत टीएसएच आणि टी-४ हे थायरॉइडचे रक्तातले आकडे नॉर्मल असणं, थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं न सापडणं, हे अनेकदा दिसतं. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट आजार नाकारत नाही. उलट, डोळे थायरॉइडसारखे आणि थायरॉइड स्वच्छ असा मेळ बसला की आम्ही "अलीकडे कुठलं औषध सुरू झालं?" हा प्रश्न जोरात विचारायला हवा.

गुंता आणखी एक आहे. हीच औषधं थायरॉइडलाही सूज आणतात. आधी हार्मोन वाढतं, मग काही आठवड्यांनी कमी होतं आणि गोळी कायमची लागू शकते. त्यामुळे थायरॉइडचा आकडा बिघडलेला सापडला म्हणून डोळ्यांचं कारणही तेच, असं लगेच धरून चालत नाही.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी सांगा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांवर थायरॉइडचा रिपोर्ट खोटाच बिघडवतं, आणि ग्रेव्हज आजार (थायरॉइड अति काम करण्याचा) असल्याचा भास होतो. तपासणीआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवायला सांगितलं जातं.

डोस सुरू झाल्यावर किती दिवसांनी हे होतं?

बऱ्याच जणांना पहिल्या काही डोसांच्या आत, म्हणजे काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत. पण वर्षभराने झालेलं आहे आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही झालेलं आहे. "ते इंजेक्शन आता बंद आहे" म्हणून ते सांगायचं टाळू नका.

त्याच दिवशी इस्पितळात जायला हवं अशी लक्षणं कोणती?

इथे मी सावकाश लिहिणार आहे. तुम्हीही सावकाश वाचा.

डोळ्यांपुरतं बोलायचं तर: नजर मंद होणं, रंग फिके दिसणं (एक डोळा झाकून लाल रंगाची वस्तू बघा, मग दुसरा झाकून, एका डोळ्याला लाल रंग विटकरी दिसला तर ते नसेवरच्या दाबाचं लक्षण असू शकतं), डोळा पूर्ण मिटता न येणं, बुबुळावर पांढरा डाग, किंवा सहन न होणारं दुखणं. यातलं काहीही असेल तर उद्याची वाट बघू नका.

आता पापणी खाली येण्याचं कारण. इम्युनोथेरपी कधी कधी मायस्थेनिया नावाचा आजार उठवते. त्यात नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडतो. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, संध्याकाळकडे त्रास वाढतो. हे बाहेरून डोळ्यांचंच दुखणं वाटतं. पण याच्याबरोबर अंगातल्या स्नायूंची सूज आणि हृदयाच्या स्नायूची सूज, अशी तिन्ही एकत्र येऊ शकतात, आणि ती प्राणघातक ठरू शकतात. म्हणून इम्युनोथेरपी चालू असलेल्या माणसाची पापणी खाली आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, आणि त्याबरोबर दम लागणं, छातीत धडधड किंवा दुखणं, घास गिळताना अडकणं, आवाज अनुनासिक होणं, मान किंवा मांड्या गळून जाणं यातलं एक जरी असेल, तर डोळ्यांच्या दवाखान्यात येऊ नका. १०८ ला फोन करा आणि बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आपत्कालीन विभागात जा. तिथे पहिलं वाक्य "डोळा दुखतो" असं नको. "कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी चालू आहे, आणि आता पापणी पडली आहे, दम लागतो आहे" असं सांगा. मग ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा दाखवणारी) आणि सीके (स्नायूंना इजा दाखवणारी) या तपासण्या लगेच होतील.

दम वगैरे काही नसेल तरी एकाचे दोन दिसणाऱ्या अशा प्रत्येक रुग्णाच्या या तीन तपासण्या मी करून घेते. खर्च थोडा वाढतो. तो मला जास्त वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात कोकणकन्येने मुंबईला डोससाठी जायचंच आहे. तेव्हा दाखवलं तर चालेल का?

नुसती पापणी किंचित सुजली आहे, नजर स्वच्छ आहे, एकच दिसतं आहे, तर इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून, मुंबईच्या डॉक्टरांना फोनवर कळवून जाता येईल. बाकी कुठल्याही परिस्थितीत नाही.

आपल्याकडची अडचण मला ठाऊक आहे. डोस परळला, सूज पेडण्यात किंवा काणकोणात. कॅन्सरच्या डॉक्टरांनी रुग्ण तीन आठवड्यांपूर्वी पाहिलेला असतो, तेव्हा डोळे छान होते. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना औषधाचं नावच माहीत नसतं, कारण फाईल मुंबईच्या पिशवीत, कपाटात. दोघांच्या मधे काय चाललं आहे ते फक्त तुम्हाला माहीत असतं. एका घरी असंच झालं. डोळे आले म्हणून फार्मसीतून थेंब आणले, मग दुसरे थेंब, मग एका ठिकाणी ॲलर्जीची गोळी. तिसऱ्या आठवड्यात फाईल उघडली गेली. तोवर उजव्या डोळ्याची नजर उतरली होती. पुढे ती बरीचशी परत आली, सगळी नाही. कोणी मुद्दाम हलगर्जी केली नव्हती. फाईल कोणी मागितली नाही आणि घरच्यांनाही ती दाखवायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं.

आम्हाला तर फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दिला जातो. एवढ्याशा मात्रेने असं होतं का?

हा प्रश्न आपल्याकडे खास महत्त्वाचा आहे. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या प्रगत कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, रोजच्या तोंडी औषधांच्या जोडीला, देऊन पाहिलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. पूर्ण डोस परवडत नाही अशा हजारो घरांसाठी हा मोठा आधार आहे, आणि या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण लहान डोस काम करतो याचाच अर्थ तो दार उघडतो. दार उघडलं की दुष्परिणामाची शक्यता उरतेच. पीडी-१ च्या औषधांमध्ये मात्रा कमी म्हणून प्रतिकारशक्तीचा त्रास शून्य, असं गणित नाही. लक्षणं दिसली तर मात्रा न पाहता सांगा.

कोणत्या तपासण्या होतील?

आधी साधी डोळ्यांची तपासणी: दोन्ही डोळ्यांची नजर, रंग, बाहुलीची हालचाल, डोळ्याचा दाब, डोळा किती पुढे आला ते मोजणं. दोन डोळ्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो दखल घेण्याजोगा. मग खोबणीचा एमआरआय, शक्यतो रंगद्रव्य देऊन. रक्तात टीएसएच, टी-४, थायरॉइडची प्रतिद्रव्यं, साखर, सीके, ट्रोपोनिन, आणि गरजेप्रमाणे मायस्थेनियाची प्रतिद्रव्यं. डोकं दुखत असेल आणि कमालीचा थकवा असेल तर सकाळचं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड), कारण ही औषधं ते बनवायला सांगणाऱ्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीलाही सूज आणतात. स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वीच कॉर्टिसोलचं रक्त घेतलेलं बरं, नंतर तो आकडा वाचता येत नाही. पण नजर उतरत असेल तर रक्ताच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवून ठेवत नाहीत.

दुसरं काय असू शकतं?

बरंच काही, म्हणून घाईने नाव ठेवायचं नाही. पहिली भीती कॅन्सर खोबणीत पसरल्याची, विशेषतः एकाच डोळ्यात असेल तर. दुसरी जंतुसंसर्गाची. २०२१ मधली काळी बुरशी कोणी विसरलेलं नाही. साखर वाढलेली, नाकातून काळपट स्राव, गाल बधिर, डोळा सुजलेला. अशा माणसाला चुकून स्टेरॉइड मिळालं तर बुरशीला मोकळं रान मिळतं. या एका कारणासाठी तरी कुणाच्या सल्ल्याशिवाय घरातली जुनी प्रेडनिसोलोनची पट्टी उघडू नका.

याशिवाय आयजीजी-४ नावाच्या प्रतिद्रव्याशी जोडलेला आजार, सार्कॉइड, रक्तवाहिन्यांची सूज, कधी डोक्याला मार लागल्यावर डोळ्यामागच्या शिरांत वाढलेला दाब. त्यात डोळा नाडीबरोबर ठोके देतो. काही वेळा चित्र स्पष्ट होत नाही आणि खोबणीतला छोटा तुकडा तपासावा लागतो. त्याला घाबरू नका. चुकीच्या निदानावर महिने घालवण्यापेक्षा ते बरं.

उपचार काय?

सौम्य असेल तर कृत्रिम अश्रू, थंड पट्टी, लक्ष ठेवणं. त्याहून जास्त असेल तर स्टेरॉइड. मध्यम सुजेत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, बहुधा वजनाच्या दर किलोला अर्धा ते एक मिलिग्रॅम. नजर धोक्यात असेल तर इस्पितळात दाखल करून शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन. बहुतेकांना काही दिवसांतच फरक जाणवतो, दुखणं आधी कमी होतं, लाली मग, एकाचे दोन दिसणं सर्वांत शेवटी. नंतर चार ते सहा आठवडे किंवा जास्त काळ मात्रा पायरीपायरीने उतरवतात. स्टेरॉइडला दाद दिली नाही तर पुढची औषधं आहेत. नस दाबलेलीच राहिली तर खोबणीचं हाड उघडून जागा करण्याची शस्त्रक्रिया आहे. तिची वेळ क्वचित येते.

नातेवाईक इंटरनेटवर टेप्रोटुमुमॅब वाचून येतात. ते अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये थायरॉइडच्या डोळ्यांच्या आजारासाठी मंजूर झालं. ते साखर वाढवतं आणि ऐकू येण्यावर परिणाम करू शकतं. या सुजेसाठी पहिलं औषध आजही स्टेरॉइडच आहे.

एक सूचना: यात मायस्थेनिया मिसळलेला असेल तर मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडने सुरुवातीला अशक्तपणा वाढू शकतो. म्हणून हा उपचार न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावा.

स्टेरॉइड चालू असताना घरी काय सांभाळायचं?

गोळी मनाने बंद करायची नाही. सूज गेली, चेहरा गोल झाला, लोक "जाड झालात" म्हणायला लागले की माणसं गोळी सोडतात. एकदम सोडलं तर शरीराला स्वतःचं कॉर्टिसोल लगेच बनवता येत नाही. उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, आणि माणूस इस्पितळात. प्रवासात गोळ्या सामानाच्या बॅगेत न टाकता खिशात ठेवा.

साखर आधी नसली तरी वाढू शकते, आठवड्यातून दोनदा जेवणानंतरची तपासा. मीठ कमी. उकड्या तांदळाची पेज खुशाल घ्या, पण तिच्याबरोबरची मिठातली तोरं, खारवलेली सुकी मासळी आणि लोणचं या काळात बाजूला ठेवा. ताजी मासळी चालते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर देतात. दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर चालणार असेल तर फुप्फुसाचा एक विशिष्ट संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल द्यावं लागतं. ते लिहिलेलं नसेल तर विचारा. पूर्वी क्षयरोग किंवा काविळीचा बी प्रकार झाला असेल तर तेही सांगा. झोप उडते, चिडचिड होते. घरच्यांनी ते औषधाचं समजावं, माणसाचं समजू नये.

कॅन्सरचं औषध बंद करावं लागेल का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज बदलतो. डोळा वाचवायचा की जीव, असं त्यांना वाटत असतं. बहुतेक वेळा तशी वेळ येत नाही.

सौम्य त्रासात औषध चालू राहतं. मध्यम त्रासात काही आठवडे थांबवतात, सूज ओसरली आणि स्टेरॉइड कमी झालं की पुन्हा सुरू करण्याचा विचार होतो. नजर धोक्यात आली असेल, किंवा हृदयाच्या स्नायूला सूज असेल, तर ते औषध बहुधा कायमचं थांबतं. पण थांबवलं म्हणजे केलेलं वाया गेलं असं नाही. रक्षक पेशी एकदा जाग्या झाल्या की औषध थांबल्यावरही कॅन्सर आवाक्यात राहिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. दुष्परिणामासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे इम्युनोथेरपीचा फायदा पुसला जातो, असंही बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना स्वतः फोन करावा असा आग्रह तुम्ही धरू शकता. मी तो आग्रह कधी वाईट मानला नाही.

एकाचे दोन दिसतात, तोवर दिवस कसे काढायचे?

स्कूटर नाही. बाजारापर्यंतसुद्धा नाही. आपल्या वळणाच्या रस्त्यांवर समोरून दोन बस येताना दिसल्या तर खरी कुठली हे ठरवायला वेळ मिळत नाही. एका डोळ्यावर पट्टी लावली की एकच दिसतं, पण अंतराचा अंदाज जातो. जिन्याच्या पायऱ्या, विहिरीचा काठ, फेरीबोटीत चढताना कोणाचा तरी हात धरा. पट्टी आलटून पालटून लावा. त्रास स्थिर झाला की चष्म्याला चिकटवायचा प्रिझम मिळतो, बऱ्याच जणांना तो पुरतो.

झोपताना उशीकडची बाजू उंच करा, सकाळची सूज कमी होते. डोळा पूर्ण मिटत नसेल तर रात्री जेल घालून पापणी टेपने मिटवायची. टेप कशी लावायची ते दवाखान्यात करून दाखवायला सांगा, चुकीची लावली तर तीच बुबुळाला घासते. दुपारी बाहेर पडताना गडद चष्मा.

काढे, गुळवेल, डोळ्यात मध, हे चालेल का?

डोळ्यात मध, दूध, गुलाबपाणी काहीही नको. उघड्या राहिलेल्या बुबुळावर संसर्ग व्हायला एवढं पुरतं.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांचं कारण निराळं. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती आवरत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला. पण ज्याच्या अंगात मानशीचं दार आधीच उघडं आहे, त्याने असा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अश्वगंधा काहींच्यात थायरॉइडचं हार्मोन वाढवते, मग रिपोर्ट कशाचा ते कळेनासं होतं. घेत असाल तर लपवू नका. मी रागावणार नाही, मला फक्त माहीत हवं.

विडी-सिगारेटचा संबंध आहे का?

थायरॉइडच्या डोळ्यांच्या आजारात तंबाखूच्या धुराने आजार बळावतो आणि उपचाराला दाद कमी मिळते, हे पक्कं आहे. या सुजेतही सोडण्याला पर्याय नाही. घरातल्या दुसऱ्याने ओढणंही थांबवा.

मला आधीपासून ग्रेव्हजचा आजार आहे. इम्युनोथेरपी घेताच येणार नाही का?

घेता येते, पण जुना आजार डोकं वर काढू शकतो. पहिल्या डोसाआधी डोळे तपासून मोजमाप, फोटो आणि प्रतिद्रव्यांचा आकडा नोंदवून ठेवा. नंतर तुलना करायला काहीतरी हाती असतं.

डोळे पूर्वीसारखे होतील?

बहुतेकांचे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरेच सुधारतात. थायरॉइडच्या आजारात सूज वर्ष-दोन वर्षं धगधगत राहते, त्या मानाने ही लवकर निवते. काहींच्या स्नायूत ताठरपणा उरतो आणि तिरळेपणासाठी पुढे शस्त्रक्रिया लागते. ती सूज पूर्ण शांत झाल्यावरच करायची. उशिरा आलेल्यांची नजर कमी राहू शकते. कोणाला सगळं परत येईल असं वचन मी देत नाही.

खर्चाचं काय?

गोमेकॉत तपासण्या आणि स्टेरॉइडचा उपचार होतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर दाखल होतानाच कोणती गोष्ट त्यात बसते ते लेखी विचारा, नंतर नाही. स्टेरॉइड स्वतः स्वस्त आहे. महाग पडतो तो उशीर.

फाईलमध्ये आणि खिशात काय ठेवायचं?

फाईल जाड असते, ती घरी विसरते. म्हणून पाकिटात मावेल असा एक पुठ्ठ्याचा तुकडा करा. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे पाठवा, एक जण गोव्याबाहेर असला तरी चालेल. त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच लिहा:

"मला कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी चालू आहे / होती. औषधाचं नाव … शेवटच्या डोसाची तारीख … कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन … पापणी पडली, एकाचे दोन दिसले, नजर उतरली किंवा दम लागला तर तो या औषधाचा त्रास असू शकतो. कृपया ईसीजी, ट्रोपोनिन, सीके तपासा आणि वरच्या नंबरवर फोन करा."